मित्र गेला, मी वाचलो: अपघातातून बचावलेल्या मुलाच्या मनात काय चालतं?

‘दुचाकी झाडावर आदळून एक ठार, एक गंभीर जखमी.’ बोर्डाची परीक्षा संपली की किंवा पहिल्या पावसात सिंहगड, लोणावळा, ताम्हिणीकडे गाड्या वळायला लागल्या की असा मथळा पेपरात दिसतोच. जो गेला त्याचा फोटो दुसऱ्या दिवशी येतो, चौकात फ्लेक्स लागतो, ग्रुपवर ‘मिस यू भावा’चे स्टेटस फिरतात. जखमी झालेल्याबद्दल मात्र ‘प्रकृती स्थिर आहे’ एवढंच छापून येतं, आणि तिथून पुढे त्याच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही.

या लेखात त्याच्याबद्दल बोलायचं आहे. तो मुलगा असेल किंवा मुलगी, वय पंधरा, सोळा, सतरा. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अहवाल सांगतो. त्यात ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती. या वयातली मुलं दुचाकीवर सहसा एकटी नसतात. म्हणजे यातल्या कितीतरी अपघातांमागे असा एक जण उरतो, जो काही आठवड्यांनी प्लास्टर काढून घरी बसलेला असतो आणि ज्याच्याशी काय बोलावं हे घरात कुणालाच कळत नसतं.

आधी डोक्याला मार लागलाय का, ते पाहा

मनाकडे वळण्याआधी एक गोष्ट, कारण इथे वरचेवर गफलत होते. डोक्याला मार बसला असेल तर मुलगा चिडचिडा होतो, लक्ष लागत नाही, उजेड सहन होत नाही, झोप बिघडते. मानसिक आघातातही जवळजवळ हेच दिसतं. म्हणून सगळं ‘धक्का बसलाय’ या सदरात टाकू नका. डोकेदुखी आणि विसरभोळेपणा कमी होत नसेल तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

दुसरं म्हणजे, ‘मला काही आठवतच नाही’ असं तो म्हणाला तर बहुधा खरंच आठवत नसतं. मेंदूला हादरा बसला की आधीची आणि नंतरची काही मिनिटं, कधी काही तास, स्मृतीत नोंदलेच जात नाहीत. ती आठवण कुठे दडून बसलेली नसते, ती तयारच झालेली नसते. जबाब घेणाऱ्या पोलिसांना वाटतं लपवतोय. मित्राच्या नातेवाइकांनाही तसंच वाटतं. आणि सगळेच खोदून विचारायला लागले की मुलगा दुसऱ्यांकडून ऐकलेले तुकडे जोडून एक गोष्ट रचतो आणि पुढे तीच खरी मानतो. बहुतेकदा ती त्याला स्वतःला दोषी धरणारीच असते.

पहिला महिना

जीव धोक्यात आला की मेंदूतला अमिग्डाला नावाचा छोटा भाग धोक्याची वर्दी देतो. एरवी मेंदू घटनेला तारीख-वेळेची चौकट घालून ती मागे टाकतो, पण भीती टोकाची असेल तर हे काम नीट होत नाही. आवाज, वास आणि दृश्यं सुटी राहतात आणि ‘हे होऊन गेलं’ असा शिक्का त्यांच्यावर बसत नाही. म्हणून कुठेतरी करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला किंवा पेट्रोलचा वास आला की मुलाच्या शरीराला तो अपघात आत्ता, या क्षणी होतोय असं वाटतं. घाम फुटतो, छाती धडधडते. तो नाटक करत नसतो.

पहिल्या चार आठवड्यांत हे जवळजवळ प्रत्येकाला कमी-जास्त होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. महिन्यानंतरही तीच दृश्यं, तीच स्वप्नं येत राहिली, तो रस्ता आणि तो विषय टाळणं वाढत गेलं, मन सतत दचकलेलं किंवा बधिर राहिलं, तर डॉक्टर त्याला पीटीएसडी म्हणजे आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. मोठा आघात झालेल्या मुलांमध्ये साधारण १६ टक्क्यांना तो होतो, असं २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या आढाव्यात दिसलं होतं. उरलेली मुलं या विकारापर्यंत जात नाहीत. त्यांच्याही वाट्याला दुःख असतं, पण ते आजार नव्हे.

या महिन्यात घरच्यांनी काय करायचं? वेळेवर जेवण, रात्री घरात कुणीतरी जागं आहे हा विश्वास, आणि तो बोलेल तेव्हा ऐकणं. झोप येत नाही म्हणून ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून गोळी आणून देऊ नका. पहिल्या महिन्यात आघाताच्या त्रासासाठी मुलांना बेंझोडायझेपाइन गटातली औषधं, म्हणजे सर्रास दिल्या जाणाऱ्या झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट सांगितलं आहे.

‘माझ्यामुळे गेला’ हे येतं कुठून?

सगळ्यात कठीण भाग हाच. समजा दोघांत हेल्मेट एकच होतं आणि ते याच्या डोक्यावर होतं. किंवा मित्र आधी ‘नको, उशीर झालाय’ म्हणत होता आणि यानेच ‘चल रे, अर्ध्या तासात येऊ’ म्हटलं. किंवा ऐन वेळी जागा बदलली, हा मागे बसला आणि तो पुढे. एवढं एक वाक्य, एवढी एक कृती मुलगा दिवसातून शंभरदा उलटीसुलटी करून बघतो. याला बचावल्याचा अपराधभाव म्हणतात. १९६० च्या दशकात विल्यम नीडरलँड या मानसोपचारतज्ज्ञाने नाझी छळछावण्यांतून वाचलेल्यांवर उपचार करताना त्याचं पहिलं सविस्तर वर्णन केलं. त्या लोकांच्या हातात तर काहीच नव्हतं. तरी ‘ते गेले, मी का राहिलो?’ हा प्रश्न त्यांना वीस-वीस वर्षं सोडत नव्हता.

म्हणजे अपराधभाव वाटायला अपराध घडलेलाच असावा लागतो असं नाही. मग तो का वाटतो? एक कारण असं की आता शेवट ठाऊक आहे. गणिताच्या पुस्तकात मागे दिलेलं उत्तर पाहून उदाहरण सोडवायला घेतलं की प्रत्येक पायरी उघड दिसते आणि ‘एवढं कसं सुचलं नाही’ असं वाटतं. बारूख फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये प्रयोगांतून हेच दाखवलं: निकाल कळला की तो आपल्याला आधीच दिसत होता, असं माणसाला खरोखर वाटू लागतं. त्या संध्याकाळी ‘चल रे’ म्हणणाऱ्या मुलाला पुढचं वळण माहीत नव्हतं. आज माहीत आहे, आणि आजच्या माहितीवर तो त्या दिवशीच्या स्वतःला दोषी ठरवतोय.

दुसरं कारण जास्त खोल आहे. दोष आपला मानला तर निदान ही घटना टाळता आली असती एवढं तरी उरतं. जग कुठल्याही संध्याकाळी, कुठलंही कारण नसताना आपला जिवलग हिरावून घेऊ शकतं, हे मान्य करणं सोळा वर्षांच्या मुलाला त्याहून भयंकर वाटतं. म्हणून तो अपराधभाव धरून ठेवतो. ‘तुझी काही चूक नाही’ असं दहा वेळा सांगूनही ते आत शिरत नाही, त्याचं कारण हे. तुम्ही समजूत घालत असता, पण त्याला मात्र शेवटचा आधार काढून घेतल्यासारखं वाटतं.

पण खरंच त्याची चूक असेल तर?

हा आक्षेप टाळून चालणार नाही. गाडी हाच चालवत होता, लायसन्स नव्हतं, वेग जास्त होता, असंही असतं.

अमेरिकेत टेक्सासमधल्या मिडलँड गावी ६ नोव्हेंबर १९६३ च्या रात्री सतरा वर्षांची एक मुलगी मैत्रिणीबरोबर गाडीतून निघाली होती. अंधाऱ्या चौकात थांबण्याची पाटी तिच्याकडून हुकली आणि तिची गाडी दुसऱ्या गाडीवर आदळली. त्या गाडीत तिचाच वर्गमित्र होता, जवळचा. तो गेला. तिच्यावर गुन्हा दाखल झाला नाही. ही मुलगी म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झालेल्या लॉरा बुश. या रात्रीबद्दल त्यांनी सविस्तर लिहिलं ते २०१० च्या आत्मचरित्रात, सत्तेचाळीस वर्षांनी. त्या अंत्यसंस्काराला गेल्या नाहीत, मुलाच्या आई-वडिलांना भेटल्या नाहीत, आणि देवावरचा विश्वास कित्येक वर्षं उडाला होता, असं त्यांनी लिहिलं आहे. घरात कुणी रागावलं नाही, दोष दिला नाही. पण बोललंही नाही कुणी. मला त्या साऱ्या हकिकतीत सगळ्यात जास्त खुपतं ते हे.

चुकीचा वाटा खरा असेल तेव्हा ‘तुझी चूक नाही’ हे खोटं मुलाला ऐकवू नये. त्याला ते खोटं आहे हे कळतं, आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवरचाही विश्वास जातो. त्याऐवजी वाटा नेमका किती, हे बघायला मदत करावी. सोळाव्या वर्षी धोका तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता तयार झालेला नसतो, त्याला पंचविशी उजाडते. आणि किल्ली त्याच्या हातात आली कशी, हाही प्रश्न आहेच. मोटार वाहन कायद्यात १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. कायद्यानेच जबाबदारी एकट्या मुलावर टाकलेली नाही. घरातल्या मोठ्यांनी ‘गाडी मी दिली होती’ हे वाक्य मुलासमोर मोठ्याने म्हणणं ही त्याच्यासाठी फार मोठी मदत असते. म्हणायला ते किती जड जातं, याची कल्पना आहे.

‘विषयच काढू नका त्याच्यासमोर’

आपल्याकडे अशा घरात पाहुणा येण्याआधी आई दारातच हे वाक्य सांगते. मायेपोटीच सांगते. मित्राचा फोटो कपाटात जातो, त्याचं नाव निघालं की टीव्हीचा आवाज वाढतो. मुलगा यातून दोन अर्थ काढतो: झालं ते बोलण्याच्या पलीकडचं आहे, आणि आपण बोललो तर आई कोसळेल. मग तो आईला जपायला लागतो. ‘मी ठीक आहे’ हे त्याचं पालुपद होतं आणि सगळ्यांना हायसं वाटतं.

खपली काढू नये, हा युक्तिवाद मग येतोच. त्यात तथ्य आहे, पण ते वेगळ्या ठिकाणी. अपघातानंतर लगेच सगळ्यांना गोळा करून ‘काय पाहिलंस, काय वाटलं, सांग’ असं एका बैठकीत वदवून घेणं उपयोगाचं नाही, काहींना ते अपायकारकही ठरतं, असं संशोधनाच्या आढाव्यांत दिसलं आहे. काही शाळा चांगल्या हेतूने हेच करतात. म्हणजे जबरदस्तीने बोलतं करू नये, हे खरं. पण बोलायची वाट बंद करणं ही अगदी वेगळी गोष्ट झाली. ‘आज त्याची आठवण आली मला, तो आपल्याकडे आला की आधी फ्रिज उघडायचा’ एवढं आईने सहज म्हटलं तरी पुरतं. पुढे बोलायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या.

भेटायला येणाऱ्यांनाही सांगायला हवं. ‘देव तारी त्याला कोण मारी’ हे वाक्य या मुलाच्या कानावर दर दुसऱ्या पाहुण्याकडून पडतं. याचा उलटा अर्थ तो मनात लगेच लावतो: मग देवाने त्याला का नाही तारलं? ‘तुला काहीतरी मोठं करायला ठेवलंय’ हेही तसंच. दोघांच्या वाट्याचं आयुष्य एकट्याने जगून दाखवायचं ओझं त्यातून त्याच्या खांद्यावर येतं. ‘तुला भेटायला आलो’ एवढं पुरेसं आहे.

कालच मॅच बघून हसत होता, म्हणजे सावरला?

नाही, आणि हसणं म्हणजे मित्राला विसरणंही नाही. मार्गारेट श्ट्रोबं आणि हेंक शूट या अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोक करणारा माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करत असतो: कधी गेलेल्याच्या दुःखात असतो, कधी समोरच्या कामात, खेळात, अभ्यासात. ही ये-जा हेच सावरणं. किशोरवयात ती फार झपाट्याने होते. सकाळी क्रिकेट, रात्री उशीत तोंड खुपसून रडणं. दुःखाच्या पाच ठरावीक पायऱ्या असतात असं आपण बरेचदा ऐकतो. त्या १९६९ मध्ये मांडल्या गेल्या तेव्हा स्वतः मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल होत्या. मुलगा कुठल्या पायरीवर आहे हे शोधत बसू नका.

काळजी केव्हा करायची? ये-जा थांबली तेव्हा. सहा महिने उलटूनही रोजचा दिवस त्याच ओढीत, त्याच वेदनेत अडकलेला असेल, किंवा मित्राचं नावही ऐकवत नसेल, तेव्हा. दारू, अति वेगात गाडी, स्वतःला इजा करणं सुरू झालं तर वाट बघू नका. आणि ‘त्याच्याऐवजी मी गेलो असतो तर बरं झालं असतं’ असं तो म्हणाला, तर सरळ विचारा: जीव द्यावासा वाटतो का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट, निदान कुणाला तरी हे सांगता येतं, असं त्याला वाटतं.

मित्राच्या घरी जावं का?

याचं एकच एक उत्तर नाही. मुलगा दवाखान्यात असताना दहावा-तेरावा होऊन गेलेला असतो, म्हणजे निरोप घ्यायचा राहूनच जातो. तो राहिलेला निरोप पुढे त्रास देतो. जाणं शक्य असेल तर एकट्याला पाठवू नये, आणि न सांगता जाऊ नये. आधी घरातल्या मोठ्या माणसाने त्यांना विचारावं: तो यायचं म्हणतोय, चालेल का? मित्राच्या आईला याच्याकडे बघून आपला मुलगाच आठवणार. ती याला कवटाळून रडेल किंवा तोंड फिरवेल. दोन्ही शक्यता मुलाला आधी सांगून ठेवा. तिने तोंड फिरवलं तर तो निवाडा नसतो, तो तिचा शोक असतो.

पोलीस केस चालू असेल तर वकील ‘संपर्क ठेवू नका’ म्हणतात. नुकसानभरपाईचा दावा दोन घरांना समोरासमोर उभं करतो. अशा वेळी मुलाला पत्र लिहू द्यावं. पाठवायची घाई नको, लिहून ठेवलं तरी चालतं. नाहीतर दोघांच्या नेहमीच्या जागी, कट्ट्यावर किंवा मैदानावर, ग्रुपमधल्या मित्रांबरोबर एक संध्याकाळ त्याच्या नावाने घालवावी.

डॉक्टरकडे गेल्यावर नेमकं होतं काय?

‘मानसोपचारवाल्याकडे नेलं तर लोक काय म्हणतील’ ही भीती खरी आहे. पुण्यात येरवड्याचं आणि नागपूर-ठाण्यात तिथल्या मनोरुग्णालयाचं नाव चेष्टेत घेतलं जातं, त्या वातावरणात ती असणारच. म्हणून तिथे काय होतं ते सांगते. या त्रासावर मुलांसाठी सर्वांत चांगला तपासलेला उपाय गोळ्यांचा नाही, बोलण्याचा आहे: आघातावर केंद्रित सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर पद्धतशीर काम करणारा उपचार. साधारण १२ ते १६ बैठका लागतात. आधी शरीर शांत करायला शिकवतात. मग मुलगा त्या दिवसाची हकिकत सुरुवातीपासून शेवटापर्यंत, त्याला झेपेल त्या वेगाने सांगतो, पुन्हा सांगतो, कधी लिहितो. घटनेच्या सुट्या तुकड्यांना क्रम मिळतो, आणि ‘हे होऊन गेलं’ हा मघाचा शिक्का बसायला लागतो.

अपराधभावासाठी एक साधी रीत वापरतात. कागदावर मोठं वर्तुळ काढायचं आणि अपघाताला कारण झालेल्या प्रत्येक गोष्टीला त्यात वाटा द्यायचा. मुलगा आधी म्हणतो, सगळं वर्तुळ माझं. समुपदेशक म्हणतात, तुझा वाटा शेवटी काढू. मग टेललाइट नसलेला उभा ट्रॉलीवाला येतो. ओला रस्ता येतो. न बुजवलेला खड्डा, बंद पथदिवा. किल्ली देणारे मोठे. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचं असताना ते कुणीच मनावर न घेणं. २०२२ मध्ये मागे बसलेले १४,३३७ जण हेल्मेटविना गेले. आणि मित्राने स्वतःहून गाडीवर बसणं, हा वाटा लिहिताना मुलाचा हात बहुधा थांबतो. सगळं लिहून झाल्यावर जे उरतं ते त्याचं. कधी काहीच उरत नाही, कधी एक फोड उरते. ती फोड घेऊन पुढे काय करायचं, यावर मग बोलता येतं. संपूर्ण वर्तुळाचं काही करता येत नसतं.

खर्चाचं म्हणाल तर जिल्हा रुग्णालयात, ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, मानसिक आरोग्याची ओपीडी असते. गोव्यात बांबोळीला मनोविकार आणि मानवी वर्तन संस्था आहे. खासगीत जाणार असाल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का आणि मुलांच्या आघातावर काम केलंय का, हे दोन प्रश्न बिनधास्त विचारा. यातलं काहीच हाताशी नसेल तर केंद्र सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे: १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून ती चोवीस तास चालू आहे, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

शाळा, आणि पुन्हा तो रस्ता

वर्गात परतल्याचा पहिला दिवस घ्या. हजेरी चालू असते, रोल नंबर तेवीसनंतर बाई थेट पंचवीस म्हणतात, आणि अख्खा वर्ग याच्याकडे बघतो. असं होणार हे आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवलेलं असावं. त्याने कुठे बसायचं, शेजारचा बाक रिकामा ठेवायचा की नाही, हे त्याला विचारूनच ठरवावं. घुसमटलं तर न विचारता वर्गाबाहेर जायची मुभा आणि बाहेर एक ठरलेलं माणूस, एवढं कुठल्याही शाळेला जमतं. पहिल्या आठवड्यात अर्धा दिवस चालेल, पण शाळा पूर्ण बंद ठेवू नका. अभ्यास मागे पडला तर पुरवणी परीक्षा असते. एक वर्ष उशीर झाला म्हणून काही बिघडत नाही, हे बाबांच्या तोंडून त्याला ऐकायला मिळालं पाहिजे.

रस्त्याचंही तसंच, टप्प्याटप्प्याने. आधी रिक्षा, मग बस, मग बाबांच्या गाडीवर मागे बसून गल्लीपर्यंत. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट असू द्या. भीती चढली की लगेच उतरायचं नाही, ती थोडी ओसरेपर्यंत थांबायचं, कारण मधेच पळ काढला की मेंदू ‘धोका खराच होता’ असं शिकतो. ज्या जागी अपघात झाला तिथे जायचं असेल तर शेवटी, आणि उपचार करणाऱ्याशी बोलून. स्वतः चालवायचा प्रश्न अठरा वर्षांनंतरचा आणि लायसन्सनंतरचा. त्याला कधीच चालवावीशी वाटली नाही, तर तेही ठीक आहे.

आणि वर्षश्राद्धाची तारीख, मित्राचा वाढदिवस आणि निकालाचा दिवस घरातल्या कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. सावरलेला मुलगाही त्या आठवड्यात पुन्हा झोपेतून दचकून उठू शकतो. तेव्हा ‘परत सुरू झालं का तुझं’ असं म्हणू नका. त्या दिवशी कुठे जायचं आणि कुणाबरोबर, हे दोन आठवडे आधी त्यालाच विचारा.